ह्यांचा चांगला दिवस

आमच्या ह्यांच्या मते सायकल चालवणाऱ्याला चांगले दिवस असतात आणि वाईट दिवस असतात. हे तत्त्वज्ञान फक्त नवऱ्यांसाठी आहे, हे मला फार उशिरा कळलं. ह्यांचे पाय चालले नाहीत की त्या दिवशी वारा समोरून असतो, रात्री झोप झालेली नसते, चाकात हवा कमी असते. माझे पाय चालले नाहीत की मला चढ जमत नाही. दिवसबिवस काही नाही, मीच वाईट.

शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी ह्यांना व्यायाम सांगितला आणि ह्यांनी पातळ चाकांच्या दोन सायकली घरी आणल्या, एक माझ्यासाठी. पन्नाशीची बाई हेल्मेट घालून काचीगुड्याच्या गल्लीतून निघाली, तेव्हा समोरच्या खिडक्या पटापट उघडल्या होत्या. पण खोटं कशाला बोलू, मला आवडलं. रविवारी पहाटे निघायचं, नामपल्लीवरून मेहदीपट्टणमला जायचं, तिथे ग्रुप भेटायचा, मग सगळे मिळून शहराबाहेर गंडीपेटच्या तलावाकडे. हे पुढे, मी मागे. पुढचा हवा कापतो आणि मागच्याला आडोसा मिळतो, म्हणून सायकलवाले आळीपाळीने पुढे जातात. आमच्यात मात्र पुढे कायम हेच.

आणि परतताना रस्ता मोकळा असला की आम्ही शेजारी शेजारी चालवायचो. तेव्हा हे बोलायचे! घरात हा माणूस बोलत नाही हो. ऑफिसात हाताखालचा पोरगा साहेब होऊन डोक्यावर बसला, तेव्हापासून जेवताना ‘मीठ दे’च्या पलीकडे शब्द नाही. पण सायकलवर बसले की साहेबाला शिव्या काय, लहानपणच्या खोड्या काय, आईच्या हातचं अंबाडीचं वरण काय, पोटातलं सगळं बाहेर. मी पॅडल मारायचे ते त्या तासाभरासाठी. किती वेग न् किती किलोमीटर, ते गेलं चुलीत.

गंडीपेटच्या पुढे चिलकूरच्या वाटेवर एक लांब चढ आहे. एका रविवारी काय झालं देव जाणे, त्या चढावर माझे पाय थकायलाच तयार नव्हते. ह्यांच्या बाजूने निघाले ती निघालेच. वर पोचून मागे वळून पाहिलं तर हे कुठेच नाहीत! एवढा आनंद मला बीएच्या निकालालाही झाला नव्हता. ग्रुपचे म्होरके एक तेलुगू गृहस्थ आहेत. ते मोठ्याने म्हणाले, “क्या भाभी, साब को पीछे छोड़ दिए आप तो!” सगळे हसले. नेमके तेवढ्यात हे धापा टाकत पोचले. ते हसणं ह्यांनी ऐकलं.

“आज वारा तुझ्या बाजूने होता,” हे म्हणाले.

अहो, एकच रस्ता, एकच दिशा, वारा माझ्या एकटीच्या बाजूने कसा असेल? पण मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. परतताना हे शेजारी आले नाहीत. घरापर्यंत दोन हात पुढेच चालवत राहिले.

पुढच्या रविवारी सर्दी. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. मग ऑफिसचं काम. “तू जा की,” म्हणायचे, “तुला आता सोबत कशाला पाहिजे?” “नक्को,” म्हणून मी पांघरुणात शिरायचे. सायकलींवर टॉवेल वाळायला लागले. ह्यांची शुगर पुन्हा चढली. तीही माझ्यामुळेच म्हणा! घर इतकं मुकं झालं की कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं. संताप यायचा मला. बायको पुढे गेली तर माणसाने पेढे वाटावेत, ह्यांनी सुतक पाळलं.

शेवटी मीच नमतं घेतलं. “चला हो,” म्हटलं, “माझ्याच्याने एकटीला नाही होत तो चढ.” धडधडीत खोटं. हे लगेच उठले आणि पंप शोधायला लागले.

त्या रविवारी मी शहाण्यासारखी ह्यांच्या मागे राहिले. पण चिलकूरच्या चढावर एक वळण आहे, तिथे चढ जरा सौम्य होतो. तिथे हे रेंगाळले आणि माझं चाक ह्यांच्या मागच्या चाकाला टेकायला आलं. एक तर बाजूने निघून जायचं, नाहीतर ब्रेक. मी ब्रेक दाबला. उतारावर सगळं जग दाबतं, चढावर दाबणारी मीच एक महामाया! ब्रेक असा केकाटला की चढभर ऐकू जावं. ह्यांची मान किंचित हलली, पण वळली नाही. पुढे आणखी दोनदा दाबावा लागला, दोन्हीदा तीच बोंब.

वर हे आधी पोचले. मी मागून आले तेव्हा ह्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. “होतं असं,” म्हणाले. “आज तुझा दिवस नव्हता.” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला दिवस मिळाला, वाईट का होईना. परतताना हे शेजारी आले आणि मेहदीपट्टणमपर्यंत बोलत राहिले. साहेबाची नक्कलसुद्धा करून दाखवली. मी हसत होते. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच चीड येत होती.

घरी आल्यावर अंघोळ करून बाहेर आले, तर हे बाल्कनीत माझी सायकल उलटी करून बसलेले. पॉलिश पेपरने ब्रेकचं रबर घासत होते. मग फडक्याने रिम पुसली, चाक गरकन फिरवलं, ब्रेक दाबला आणि कान देऊन ऐकलं. चाक गुपचूप थांबलं.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“चढावर तुझे ब्रेक फार ओरडतात,” हे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. “आता नाही ओरडणार.”

म्हणजे तिन्ही वेळा ऐकलं होतं ह्यांनी. ऐकूनच पाठ थोपटली होती. आणि आता पुढच्या रविवारी मी पुन्हा ब्रेक दाबले, तर ते कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून घासत बसले होते.