अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस

आमच्या वेल्सच्या खोऱ्यातल्या माणसाचा पाय मोडून हातात आला तरी तो म्हणणार, "तसं बरं चाललंय." म्हणून गुडघा बदलल्यावर सहा महिन्यांनी आमचा दवाखाना अठ्ठेचाळीस मार्कांचा प्रश्नांचा कागद घरी पाठवतो, तो पैकीच्या पैकी मार्कांनी परत येतो. असा कागद दिसला की आमची कारकून ग्लेनिस प्रोबर्ट फोन उचलते.

तिचा शाळासोबती एम्रिस जन्मभर खाणीत राबलेला, गुडघा नुकताच बदललेला. 'गुडघे टेकता येतात का?' या प्रश्नापुढे त्याने 'अगदी सहज' लिहिलं होतं.

"काय रे एम्रिस, यंदा कोबीची रोपं कुणी लावली?"

"बायकोनं."

"मग 'सहज' कुणासाठी लिहिलंस?"

"अगं, डॉक्टर किती चांगला माणूस! त्यांना वाईट वाटेल."

तिने सगळे प्रश्न पुन्हा विचारले. अठ्ठेचाळीसचे एकोणतीस झाले. त्याचा गुडघा बदलणारे डॉक्टर हेडन तणतणत आले, "एक्स-रे तर झकास आहे!"

"एक्स-रेला कोबी लावायचा नाहीये, डॉक्टर. बोलवा त्याला."

त्यांनी बोलावलं, नवे व्यायाम दिले. पुढच्या वर्षी रोपं एम्रिसनेच लावली.

मग खुद्द डॉक्टरांचा गुडघा बदलला. सहा महिन्यांनी त्यांचा कागद आला: अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस. मी शेजारच्याच टेबलावर होतो. ग्लेनिसने फोन लावला.

"डॉक्टर, सकाळी तुमचे मोजे कोण घालतं?"

पलीकडून हळूच आवाज आला, "बायको. पण एम्रिसला सांगू नकोस."