उत्तर बेटाला गेलेलं गलबत

मी पहिल्यांदा बाईंच्या दारात उभी राहिले तेव्हा माझ्या हातात अकरा प्रश्नांचा कागद होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बी.ए. होऊन नोकरीचे अर्ज करत घरी बसले होते. वडील तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला जायचे. रात्रपाळी असली की दिवसभर आमच्या दोन खोल्यांत कुजबुजत बोलायचं, भांडी जपून ठेवायची. अशा गप्प दुपारी मी बाईंच्या कादंबरीचे पाच खंड वाचले, मग परत वाचले. आणि एके दिवशी कळलं की त्या लिहिणाऱ्या बाई आमच्याच गावात, वडाळे तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत राहतात.

मुंबईच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर पनवेलला तळमजल्यावरची जागा घेतली आणि लिहायला बसल्या. त्यांच्या कादंबरीत बारा बेटांचं राज्य होतं. राजधानीला भरतीच्या वेळी चहूकडून पाणी वेढायचं आणि ओहोटीला गुडघाभर चिखलातून वाट निघायची. तिथल्या काही बायकांना शंखात आवाज साठवून ठेवता यायचा. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा तर शंख कानाला लावायचा. मला ते सगळं खरंच वाटायचं. बाजारातून भाजी आणताना मी मनात दक्षिण बेटावरून चाललेली असायची, आणि लांब दिसणारा कर्नाळ्याचा सुळका म्हणजे राजधानीचा टेहळणीचा बुरूज.

बाईंनी माझा कागद चष्मा न लावताच डोळ्यांजवळ धरून वाचला.

"पहिल्या खंडात राजधानीला सात वेशी आणि तिसऱ्यात नऊ?" त्या म्हणाल्या. "खरंच नऊ लिहिल्यात मी?"

"पान एकशे चाळीस."

"अरे देवा." त्यांनी मला आत घेतलं. जेवणाच्या टेबलावर पत्रांचा ढीग होता. प्रकाशकांकडून गठ्ठ्यांनी येणारी ती वाचकांची पत्रं होती. पोस्टकार्डं, निळी अंतर्देशीयं, वहीची फाडलेली पानं. "ही सगळी हेच विचारतात. मी लिहिते आणि विसरते गं. तुझ्या लक्षात राहतं. तू येत जा."

अशी मी रोज दुपारी जायला लागले. बाईंकडे जुन्या लग्नपत्रिकांचा साठा होता. त्या कापून कोऱ्या बाजूवर मी एकेका माणसाची, बेटाची, वेशीची माहिती लिहायची. आंधळ्या सेनापतीच्या मागे कुणाची तरी चि. सौ. कां. असायची, आणि खाऱ्या विहिरीच्या मागे सहभोजनाची वेळ. पत्रं वाचायची, पत्रिका चाळायच्या, उत्तर लिहायचं, बाईंनी सही करायची. कोल्हापूरचे एक गृहस्थ राजघराण्याची वंशावळ काढून पाठवायचे आणि चूक दाखवायचे. नागपूरच्या एका मुलीला थोरल्या राणीच्या साडीचा रंग हवा होता. धाकट्या राणीचा आवाज गेला तो भीतीने की शापाने, हे तर दर चौथ्या पत्रात असायचं.

वेशींच्या भानगडीवर मीच उत्तर शोधलं. मोठा पूर आला, पाणी काढायला तटबंदी दोन ठिकाणी फोडावी लागली, त्याच पुढे वेशी झाल्या. बाईंना भीतभीत वाचून दाखवलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "पण पूर कुठल्या दिशेने आला ते आधी ठरव. पाणी वाटेल तिथून येत नाही."

त्या दिवसापासून माझी भीड चेपली. लहानसहान गोष्टींची उत्तरं मी मनानेच द्यायला लागले. बाई न वाचता सही करायच्या. खिडकीतून तळ्यावरचा वारा यायचा, पंखा फिरायचा, आणि मी हातातल्या बॉलपेनने कुणाला आजोळ द्यायची, कुणाला व्रण. संध्याकाळी घरी जाताना पाय जमिनीला लागत नसत.

मोऱ्याहून पत्र आलं ते अशाच दिवसांत. मोरा म्हणजे उरणचं बंदर, तिथून मुंबईला लाँच सुटतात. नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, पण प्रश्न तिचा नव्हता.

"माझ्या आईला वाचता येत नाही. मी तिला तुमची पुस्तकं वाचून दाखवते. आई विचारते की, दुसऱ्या खंडात धाकट्या राणीचा शंख आणायला एक तांडेल आणि सहा खलाशी गलबत घेऊन उत्तर बेटाला गेले. त्यानंतर तीन खंड झाले. ते परत आले की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. आई रोज विचारते."

मी पत्रिका काढल्या. गलबत होतं, ते हाकणारा तांडेल होता, सहा खलाशी होते. पुढे काहीच नव्हतं. पाचव्या खंडात राणीचा आवाज दुसऱ्याच उपायाने परत आला होता आणि त्या गलबताची कुणाला गरज उरली नव्हती. बाई विसरल्या होत्या, हे उघड होतं. बाई त्या दुपारी आत झोपल्या होत्या. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं की उत्तरेच्या समुद्रात वादळ होऊन ते गलबत सर्व माणसांसह बुडालं, याचा उल्लेख पुढे येईल. पत्रिकेवरही नोंद केली, 'बुडालं'. संध्याकाळी चार पत्रांच्या खाली ठेवून त्यावर सही घेतली.

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं.

"आई म्हणते, बुडालं ते कोणी बघितलं? फळी मिळाली का, वल्हं मिळालं का? काही किनाऱ्याला लागलं का? काही मिळालं नसेल तर बुडालं म्हणू नये. आई तुमच्यावर रागावली आहे. तिने मला पुढचं वाचू नको म्हणून सांगितलं आहे."

मी ते पत्र दोनदा वाचलं. त्या अद्भुत देशात मी महिनोन् महिने फिरत होते, पण तिथल्या माणसांना मी काही करू शकते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सात माणसं. एका ओळीत. पत्र लपवावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण बाई समोरच बसल्या होत्या.

"काय झालं?"

मी पत्र पुढे केलं आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"मी विसरले आणि तू मारलंस," त्या म्हणाल्या. "विसरणं जास्त वाईट. उद्या मोऱ्याला जाऊ."

सकाळच्या एसटीने निघालो. गव्हाणचा फाटा गेला. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. चौकोनी वाफ्यांत आकाश उतरलं होतं आणि मधल्या बांधांवरून माणसं टोपल्या घेऊन चालली होती, पाण्यावरून चालल्यासारखी. "हे मी लिहायला हवं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "मी आपली नकाशातले समुद्र लिहीत बसले."

पत्रावरचा पत्ता विचारत कोळीवाड्यात गेलो. एका पडवीत सात-आठ बायका सुका जवळा, ती बारीक गुलाबी कोळंबी, निवडत बसल्या होत्या. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दारात उभी होती. बाईंनी नाव सांगितलं तशी ती आत पळाली, आणि बायकांच्या घोळक्यातून तिची आई उठली. उंच, काळीसावळी, हाताला जवळ्याचा गुलाबी चुरा लागलेला. तिने आम्हाला बाज दिली, पाणी दिलं आणि समोर बसली.

"तुमी लिवता?"

"हो."

"मंग बोला. गलबत बुडाला तो कोनी बगितला?"

बाई काही बोलायच्या आत मी म्हणाले, "काकी, ते उत्तर बाईंनी नाही लिहिलं. मी लिहिलं. त्यांना न विचारता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, "ही पोर हाय बगा, बुडवनारी." बायका हसल्या. ती हसली नाही.

तिने सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहिते. ती लहान असताना तिच्या बापाची होडी अशीच गेली. शिडाची होडी, तेव्हा इंजिन नव्हतं. पंधरा दिवस झाले, वीस दिवस झाले. वाड्यातल्या कुणी एक शब्द काढला नाही. तिची आई रोज त्याचं ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. एकट्या चुलत आत्याने पाणवठ्यावर म्हटलं, आता कसला येतो. आणि तो आला. वारा होडीला गुजरातच्या अंगाला घेऊन गेला होता. "बाप आला, बरा झाला, पन त्या आत्याच्या घरचा पानी बी मरेपरत पिला नाय. तो बोलायचा, मी जिता असताना हिनं मला मारला."

जवळ्याचा सुपातला आवाज तेवढा चालू होता.

"चूक झाली," मी म्हणाले.

"झाली ना? मंग तूच आन त्याला परत."

तेवढं बोलून तिने विषय संपवला आणि चहा ठेवायला उठली. मग मात्र बाकीच्या बायकांना तोंड फुटलं. कळलं की दुपारी मुलगी वाचते आणि सगळा वाडा ऐकतो. बाईंना प्रश्नांवर प्रश्न आले. धाकटी राणी मासळी खात नाय का? राजाच्या वाड्यात एवढी मानसं, रांधतं कोन? "तुमचा पानी सारका निळा कसा वो?" एक म्हातारी म्हणाली. "आमचा बगा, चिखलावानी हाय." आणि अमावास्येला ऐन दुपारी भरती असताना तुमची माणसं चिखलातून कशी चालली? बाई भूगोलाच्या शिक्षिका, त्यांनी कपाळाला हात लावला. वहीत उतरवून घेता घेता त्यांचा चहा निवला.

परत आल्यावर बाईंनी मला सांगितलं, "तिने तुला सांगितलंय. तू लिही."

मी महिनाभर लिहीत होते. माझी गलबतं फार थाटात परत यायची. तटावर नगारे वाजायचे, थोरली राणी स्वतः पंचारती घेऊन यायची, तांडेल शंख उंच धरून भाषण करायचा. बाई वाचायच्या आणि कागद परत द्यायच्या. "असं येतात का माणसं? तुला माहीत नाही, मलाही नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना विचार."

तेव्हा आम्ही उलटं पत्र लिहिलं. इतकी वर्षं लोक बाईंना विचारत होते. आता बाईंनी मोऱ्याला विचारलं, तुमचे वडील आले त्या दिवशी काय झालं?

मुलीने दोन पानं लिहून पाठवली. आई म्हणते, आलेला माणूस पहिल्या दिवशी बोलत नाही, त्याला कुणी विचारूही नये. पाणी घोट घोट द्यायचं, मग पेज. तो जमिनीवर धड चालत नाही, कारण त्याला जमीन हलते. आजोबा भिंत धरून घरात आले. आजी त्यांच्याकडे बघून आधी चुलीपाशी गेली, कारण जाळ विझत आला होता.

बाईंनी ते पत्र वाचलं, दार लोटून घेतलं आणि एका सकाळीत दीड पान लिहिलं. त्यात ना नगारा, ना भाषण. सात माणसं ओहोटीच्या चिखलातून एकमेकांना धरून येतात, आणि एक बाई चुलीतली लाकडं आत सारते. माझं एकही वाक्य त्यात नव्हतं. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते दीड पान वाचून झाल्यावर मला आमच्या घरात कुणीतरी परत आल्यासारखं वाटत राहिलं. मी वडिलांसाठी न सांगता चहा केला.

सहावा खंड छापून आला तेव्हा पहिली प्रत घेऊन आम्ही दोघी पुन्हा मोऱ्याला गेलो. मुलगी आता दहावीत होती. पडवीत तिने उभं राहून वाचलं. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, लाँचचा भोंगा वाजला, ऊन पायरीवरून आत सरकलं. वाचून संपलं तरी ती पुस्तक मिटत नव्हती.

तिच्या आईने बाईंना विचारलं, "तो सगळ्यात बारका खलाशी. त्याची आय हाय का जिती?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी तिचा विचारच केला नाही."

"हाय म्हना."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आहे," त्या म्हणाल्या.

"कुठं ऱ्हाते?"

"तुम्हीच सांगा."

मग बायकांनी तिचं घर ठरवलं. बंदराजवळ नको, तिथे दारूचा गुत्ता असेल. विहिरीच्या अंगाला, पण शेजार हवा. गुडघे दुखत असतील तिचे. पडवीतली म्हातारी म्हणाली, सून भांडखोर असणार. कुणी म्हणालं, नाय नाय, सून चांगली हाय, तीच तर रोज बंदरावर जाऊन बगायची. त्यावर दोघींचं जुंपलं. बाईंची वही पिशवीतच होती. त्या बाजेवर पाय लांब करून भिंतीला टेकल्या होत्या आणि डोळे अर्धवट मिटून ऐकत होत्या. मी पाच वाजताच्या एसटीची आठवण करून दिली तर हातानेच म्हणाल्या, थांब.