अजबखान्यातलं माहं इंग्रजी

हसा, पण चहा सांडू नोका! माह्या इंग्रजीनं मुंबईत काय केलं, थे आज सांगूनच टाकते.

धम्म घेऊन आमाले चार-पाच वर्सं झालती. राळेगावात आमच्या घरी बुद्धाची एक कागदी तस्बीर होती, तेवढीच. भाऊ मुंबईच्या गोदीत कामाले. त्याच्याकडे गेलतो, त त्यानं मले अन् मायले जुन्या मूर्ती ठेवलेल्या अजबखान्याच्या दारात आणून सोडलं. म्हणे, "आत दगडाचे बुद्ध हायेत. पाहून या."

मी सातवी पास, मराठी शाळेतली. इंग्रजी? एबीसीडीच्या पुढं काही नाही! पण मायले वाटे, पोरगी शिकली म्हणजे सारंच शिकली. अन् मीबी कधी नाही म्हटलं नाही!

आत गेलो. समोर बुद्ध! माणसाएवढे, शांत बसलेले. माय जागीच थांबली. मूर्तीपाशी इंग्रजी पाटी.

"काय लिवलं व?"

आता काय सांगावं? मी पदर सावरला, पाटीवर बोट फिरवलं. "लिवलं हाय... पायाले हात लावून दर्शन घ्या."

मायनं चपला काढल्या, दोन्ही हात पायावर ठेवले. मागं नाशकाकडचं एक कुटुंब होतं. त्यायनंबी चपला काढल्या. त्याच्यामागं आणखी कोणी. पाहता पाहता रांग लागली! अन् मी? मी रांगेले सांगून राह्यली, "एकेक या, घाई नोका करू!"

पहारेकरी धावतच आला. "अहो, हात काढा! कोणी सांगितलं हात लावायला?"

"माह्या पोरीनं पाटी वाचली न भाऊ," माय म्हणे. "इंग्रजी येते तिले."

पाटीवर 'हात लावू नये' लिवलं होतं, हे मले त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजलं!

त्यानं पाटीकडे पाह्यलं. माह्याकडे पाह्यलं. मंग मायकडे. तिचे हात अजून पायावरच, डोळ्यातून धारा. आता हा मायसमोर बोलणार!

पण थो हळूच म्हणे, "बरोबर वाचलं बाईंनी. पाटी जुनी आहे आई, बदलायची राहिली. आता लांबूनच नमस्कार करा."

काय माणूस होता बाप्पा! ना ओळख, ना पाळख, अन् माही लाज राखली. मी नुसते हात जोडले.

माय मातर बोलली. निघता निघता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "भाऊ, तुमालेबी शिकाचं असन त लाजू नोका. माही पोरगी शिकवन इंग्रजी!"