एका गुणाचा पासंग

काटेवाला तराजू दुरुस्त करायचा. सोनाराचा नाजूक काटा असो की लाकडाच्या वखारीतला माणूसभर उंचीचा, कुणी दुकानात आणून ठेवला की आधी तो पारडी फुंकून साफ करायचा, मग डावीकडे वजन आणि उजवीकडे माल ठेवून तोलायचा, आणि मग दोन्हींची अदलाबदल करून पुन्हा तोलायचा. दोन्ही वेळा काटा मध्यावर राहिला तर तराजू खरा. नाही राहिला तर मालकाने कितीही शपथा घातल्या तरी तराजू खोटा. तीस वर्षं एवढं एकच तत्त्वज्ञान त्याला पुरलं होतं, आणि पुढेही पुरलं असतं. पण वाचनालयाच्या चिटणिसाला अवदसा आठवली.

वाचनालय दर वर्षी विचारांची स्पर्धा भरवायचं. भाग घेणाऱ्याने आपला एक विचार मांडायचा आणि परीक्षकांनी पन्नासपैकी गुण द्यायचे, निम्मे विचाराला आणि निम्मे विचार करणाऱ्याला. जिंकणाऱ्याचं लिखाण वाचनालय पुस्तक म्हणून छापायचं. तीन परीक्षकांपैकी एक बिनशिकलेला असावा, असा नियम होता, आणि या वर्षी तो मान काटेवाल्याकडे आला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," काटेवाला म्हणाला. "शिवाय माझे भावोजी स्पर्धेत आहेत."

"इथे कोण कुणाचा कुणी लागत नाही?" चिटणीस म्हणाला. "तुमच्यावर कुणी बोट ठेवणार नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

ही बातमी ताईच्या कानावर जायला संध्याकाळही लागली नाही. ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे बोलायला ती काही आडपडदा ठेवत नसे.

"धाकट्या, चाळीस वर्षं हा माणूस ती वही लिहितोय. शाळेतून निवृत्त झाला, डोळे अधू झाले, तरी लिहितोय. एकदा छापून येऊ दे रे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

मागितलं होतं एकदा. तिचं किराणा दुकान होतं तेव्हा तिचा तराजू त्याने तपासला, तो खोटा निघाला आणि त्याने तिथल्या तिथे तो मोडून ठेवला. "चार दिवस तरी चालू दे," असं ती म्हणाली होती, ते त्याने ऐकलं नव्हतं. ताई महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. आज तो "बघतो" म्हणाला, आणि ती गेल्यावर आपण असं का म्हणालो, हे त्याचं त्यालाच कळेना.

स्पर्धेच्या दिवशी तर त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं की जगात सगळं आधीच ठरलेलं असतं. काटेवाल्याला ते शंभर टक्के पटलं. मग एका परिचारिकेने सांगितलं की दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कधीच कळत नाही, आपण फक्त त्याच्या उशाशी बसू शकतो. तेही पटलं. शेवटी भावोजी उठले. त्यांचा विचार साधा होता: माणसाला आपल्या माणसाचा न्याय करता येत नाही. एकतर तो माया करतो, नाहीतर मायेला घाबरून जास्त कठोर होतो, पण नेमका कधीच राहत नाही. हे ऐकून तर काटेवाल्याला दरदरून घाम फुटला. बाजूचे दोन विद्वान परीक्षक मान डोलवत भराभर लिहीत होते, आणि याचा कागद कोराच होता.

काहीच सुचेना तेव्हा हाताला जे येत होतं तेच त्याने केलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आता पारडी बदला. ज्याने त्याने आपल्याच विचाराच्या विरुद्ध बोला."

सभागृहात हशा पिकला. औषधवाला म्हणाला, "मी विरुद्ध बोलणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे," आणि खाली बसला. परिचारिका उठली आणि चांगली बोलली. मग भावोजींनी चष्मा काढला.

"माझा विचार खोटा असेल," ते म्हणाले, "तर त्याचा पुरावा तिथे बसलाय. या माणसाने आपल्या सख्ख्या बहिणीचा तराजू मोडला होता. रागाने नाही, लोकांना दाखवायला नाही. तो खोटा होता म्हणून. असा एक जरी माणूस जगात असेल, तर माझी चाळीस वर्षं फुकट गेली, आणि मला ते चालेल."

सगळे काटेवाल्याकडे बघू लागले. त्याने खाली मान घालून परिचारिकेला साडेचाळीस गुण दिले. भावोजींना त्याच्या हाताने एक्केचाळीस लिहिले. मग तो थबकला. मेहुण्याला पहिला नंबर? लोक काय म्हणतील? आणि ताईला "बघतो" म्हणालो होतो, हा आकडा त्यातून तर आला नसेल? त्याने एक्केचाळीस खोडले आणि चाळीस केले. विद्वान मंडळींच्या गुणांपुढे आपल्या एका गुणाने काय होणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पण दोन्ही विद्वानांच्या गुणांची बेरीज परिचारिकेला आणि भावोजींना सारखीच आली होती. परिचारिका अर्ध्या गुणाने जिंकली. ताई पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच भावोजी पायरीवर बसलेले होते. मांडीवर वही होती.

"तुझी ताई जेवली नाही," ते म्हणाले. "पण मी ठीक आहे. खरं सांगू, काल मला बरंच वाटलं. तू तोललंस आणि मी कमी भरलो. बस्स."

काटेवाल्याला गप्प बसता आलं असतं. भावोजी समाधानात होते, ताई आठवडाभरात बोलू लागली असती, गावाने तर त्याच्या न्यायाची वाहवाच केली होती. पण समोर फळीवर कुणाचा तरी तराजू टांगला होता. त्याच्या दांडीला तारेचा एक तुकडा गुंडाळलेला होता. हलक्या पारड्याकडे असा तुकडा बांधून खोटा तराजू खरा भासवतात, त्याला पासंग म्हणतात. असे शेकडो पासंग त्याने आजवर उपटून फेकले होते.

"भावोजी, तुम्ही कमी भरला नव्हता," तो म्हणाला. "मी एक्केचाळीस लिहिले होते. तुम्ही पहिले होता. एक गुण मी नंतर कापला. लोकांना भिऊन कापला, की ताईला, की स्वतःला, ते मला अजून कळत नाही."

भावोजींनी वही उघडली, चार पानं चाळली आणि ती मिटली.

"म्हणजे माझंच खरं निघालं," ते म्हणाले.

"हो. वही छापायला हवी होती."

"वहीचं जाऊ दे रे." भावोजींनी वही काखेत धरली. "चाळीस वर्षं मी लिहीत होतो ते कुणीतरी मला खोटं पाडावं म्हणून. काल वाटलं होतं, तू पाडलंस."

ते काठी टेकत उठले. काटेवाला त्यांना हात द्यायला पुढे झाला, आणि त्यांनी तो घेतला.