साडूचं घर, माझा प्लॉट

माझ्या साडूने आणि मी मंगरूळपीरला शेजारशेजारचे प्लॉट घेतले होते. भाव आला तेव्हा दोघांनी ते एकाच गिऱ्हाइकाला विकले. त्या पैशातून मी वाशिमच्या लेआउटमध्ये मोठा प्लॉट घेतला. साडूने त्याला लागूनच एक बांधलेलं घर घेतलं आणि भाड्याने दिलं. मला त्याची कीव आली. केवढंसं ते घर!

मग आम्ही कर सल्लागाराकडे गेलो. साडूचा पैसा घरात गेला म्हणून त्याला नफ्यावर कर नाही.

"मी बी जागा विकून जागाच घेतली ना?" मी विचारलं.

"रिकामी जागा चालत नाही. तीन वर्षांत घर बांधा, मग सूट."

बांधायला पैसा होता कुठे? सगळा त्या प्लॉटमध्येच गेला होता. शेवटी मी कर भरला.

बाहेर साडू म्हणाला, "मले तीन वर्ष हे घर विकता येत नाही, नाहीतर कर मांगं लागते. अटकलो ना भाऊ!"

असलं अडकणं मला का मिळू नये, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता त्याच्या भाडेकरूंचे कपडे माझ्या प्लॉटवर वाळतात. हद्दीचे खांब पाहायच्या निमित्ताने मी दर रविवारी तिथे जातो, आणि भर उन्हात पावसाचे ढग शोधतो.