सुनंदा रामटेके यांची तोंडी परीक्षा

नवी दिल्ली स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळ झालेली होती, पण दिसत नव्हती. कोहरा (दाट धुकं) असा होता की हमालाचा लाल सदरा आधी दिसला आणि हमाल मागून. नांदेडहून निघालेली आमची गाडी आग्र्यापासून पुढे रेंगाळतच आली होती. मी भाषाविज्ञान शिकवतो. दिल्लीतल्या एका विद्यापीठानं पीएच.डी.च्या प्रबंधासाठी मला बाहेरचा परीक्षक नेमलं होतं. प्रबंध वाचून अहवाल पाठवला होता, आता उमेदवाराची तोंडी परीक्षा घ्यायची होती.

उतरायची सोय कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात होती. तिथल्या कारकुनानं माझं आडनाव दोनदा विचारलं आणि मला दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीची किल्ली दिली. दार उघडलं तर आत एक आमदार दाढी करत होते. "या, बसा," ते आरशातूनच म्हणाले. मी माफी मागून खाली आलो. खोली मिळेपर्यंत कँटीनमध्ये पोहे खाल्ले. त्यात शेंगदाण्यांऐवजी मटार होते. दिल्लीच्या थंडीत मटार स्वस्त असतात, असं वाढप्यानं सांगितलं.

विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. विभागप्रमुख सक्सेना सरांनी हीटर माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि सहकाऱ्यांची ओळख करून दिली. एक जण हिमाचलातल्या एका खोऱ्याच्या बोलीवर आयुष्यभर काम करत होते. अनुदान थांबल्यापासून ते तिकडे स्वतःच्या सुट्टीत जात. दुसऱ्या तरुण बाईंचा विषय लहान मुलांच्या वाक्यांचा होता, पण सध्या त्या एका संगणक कंपनीला आवाजांचे नमुने जमवून देत होत्या. "अब यही चलता है," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती.

उमेदवार सुनंदा रामटेके दाराशी उभ्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, वर्ध्याच्या, लग्नानंतर दिल्लीत आलेल्या. एका कॉलेजात तात्पुरत्या लेक्चरर. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची, दर पावसाळ्यात पुन्हा मिळायची. प्रबंधाचा विषय होता दिल्लीच्या छावणीत राहणाऱ्या मराठी जवानांच्या मुलांची घरातली भाषा. कोणते मराठी शब्द ती मुलं बोलतात, कोणते नुसते समजतात आणि कोणते पार गेले, हे त्यांनी क्वार्टर्समध्ये बसून ऐकलं होतं.

माझा एक आक्षेप होता. तो मी अहवालातही लिहिला होता, तिथेही मांडला.

"ओसरी, कोनाडा, शिंकं हे शब्द मुलांना येत नाहीत, असं तुम्ही म्हणता. पण क्वार्टरला ओसरी नाही आणि भिंतीला कोनाडा नाही. वस्तू नाही म्हणून शब्द नाही. याला भाषेची झीज कसं म्हणायचं?"

"म्हणता येणार नाही, सर," त्या म्हणाल्या. "म्हणून चौथ्या प्रकरणात मी वस्तू सोडून दिल्या. रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, भेदरणं, एवढेच शब्द घेतले. क्वार्टरला ओसरी नसते, पण त्या घरातलं पोर हिरमुसतंच की."

"मग ते काय म्हणतं?"

"मूड ऑफ. रुसलं तरी मूड ऑफ, खट्टू झालं तरी मूड ऑफ. आईला मात्र बघून कळतं यातलं नेमकं काय झालंय. मुलाला स्वतःला सांगता येत नाही."

सक्सेना सरांनी मला याचं हिंदी करून मागितलं. 'हिरमुसणं' मला हिंदीत सांगता येईना. मी 'मुँह उतर जाना' म्हटलं आणि तेवढ्यावर ते चाललं. पण माझा आक्षेप तिथेच संपला होता. प्रबंध एकमतानं स्वीकारला. बर्फी आली. बाहेर पडताना मी सक्सेना सरांना विचारलं, आता यांना कायम करता येईल ना? ते माझा हात धरून जिन्यापर्यंत आले. "जगह कहाँ है, डॉक्टर साहब?" ते हळू म्हणाले.

संध्याकाळी सुनंदाबाईंचे यजमान प्रकाशराव मला जेवायला न्यायला आले. ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. बसनं आम्ही द्वारकेला निघालो. मेट्रोचे खांब उभे राहत होते, त्यांच्या कडेकडेनं बस वाकडीतिकडी जात होती. द्वारका म्हणजे सोसायट्यांमागून सोसायट्या, प्रत्येकीला मोठं फाटक, आत वाळूचे ढीग आणि निम्म्या खिडक्या अंधाऱ्या. विमानं इतकी खालून जात की बोलणं थांबवावं लागे. प्रकाशराव अचूक थांबत आणि अचूक पुढचा शब्द उचलत.

घरी त्यांच्या आई होत्या आणि ऋचा नावाची मुलगी. "जय भीम, सर. बसा," आजी म्हणाल्या. "पहिल्यांदा कुणी प्रोफेसर आले आमच्याकडे. सून सोडून." पाटवडीचा रस्सा होता (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी), ज्वारीच्या भाकरी आणि भात. ऋचा म्हणाली, "आजी, मला अजून एक रोटी दे ना, बिल्कुल छोटी." आजीनं भाकरी दिली.

जेवण होत आल्यावर सुनंदाबाईंनी सांगितलं, "सर, मला गुडगावला नोकरी मिळतेय. कॉल सेंटरच्या मुलांना इंग्रजी उच्चार शिकवायचे. उद्या बोलावलंय."

आजींचा हात ताटातच थांबला. त्यांना ठाऊक नव्हतं. "आजच तर डॉक्टर झालीस," त्या म्हणाल्या. "मी खालच्या मजल्यापर्यंत सांगून आले, सून आता प्रोफेसर होणार म्हणून."

"कुठे होणार, आई? येत्या पावसाळ्यात तर पत्रच येणार नाही कॉलेजचं. कोर्सच बंद करतायत."

मी म्हणालो, आमच्या विद्यापीठात एक जागा रिकामी आहे, जाहिरात निघेल.

"जाहिरात तर इथेही निघते," प्रकाशराव हसून म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. पण नांदेडला जायचं तर त्यांची नोकरी, ऋचाची शाळा, हे घर, सगळंच मोडावं लागलं असतं. मी पुढे रेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी संध्याकाळची होती. "येता का बरोबर? बघा तरी," सुनंदाबाई म्हणाल्या. महामार्गावर एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही गेलो. धुकं उतरल्यावर आधी मोहरीची पिवळी शेतं दिसली आणि मग त्यांच्यातूनच वर आलेल्या काचेच्या इमारती. एका इमारतीच्या दारात म्हशी बसल्या होत्या. पहारेकरी त्यांना काठीनं उठवत होता, पण त्यांना घाई नव्हती.

नोकरी पक्की होण्याआधी बाईंना एक तास घेऊन दाखवायचा होता. माझ्या गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र अडकवून मला वर्गाच्या मागच्या खुर्चीवर बसवलं. समोर रोहतकची, कानपूरची, मेरठची मुलंमुली. आधीच्या शिक्षिकेनं चुका काढून काढून त्यांना गप्प केलं होतं. सुनंदाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पहले अपनी बोली में बताओ. घर में कोई नाराज़ है, उसे कैसे मनाते हो?" रोहतकचा एक दांडगा मुलगा आजीची समजूत कशी घालतो ते हरियाणवीत सांगू लागला. वर्ग हसला. मग बाईंनी फळ्यावर काही न लिहिता विचारलं, तुझा आवाज कुठे खाली गेला? कुठे थांबलास? आता तेच इंग्रजीत कर. थांबायची जागा सोडू नकोस. त्यानं केलं. इंग्रजी कच्चंच होतं, पण ऐकणारा खरंच निवला असता.

त्यांचा प्रबंध मी शब्द न् शब्द वाचला होता. हे त्यात नव्हतं.

त्या आत व्यवस्थापकांशी बोलून आल्या. "हो म्हटलं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर आनंदही नव्हता आणि दुःखही. आम्ही टपरीवर चहा घेतला.

"मग विषय संपला म्हणायचा?" मी विचारलं.

"कोणता?"

"छावणीतली मुलं."

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तो कसा संपेल, सर? पहिल्या मुलांची धाकटी भावंडं आता बोलायला लागलीत. थोरल्याला मराठी येत होती, धाकट्याशी तो हिंदीतच बोलतो. म्हणजे आईपेक्षा भाऊ भारी पडतोय का, हे बघायचंय. रविवारी सुट्टी असते मला. ऋचालाही नेणार आहे. तिच्याशी ती मुलं मोकळी बोलतील." मग म्हणाल्या, "आता कुणाला दाखवायचं नाही. त्यामुळे घाईही नाही."

परतीच्या गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, दिल्लीला काय काम होतं? मी म्हटलं, एका बाईंची परीक्षा घ्यायला गेलो होतो. पास झाल्या का? झाल्या. मग लागली का नोकरी? लागली, मी म्हटलं, आणि त्यांचं समाधान झालं.

माझं व्हायला वेळ लागला. एखादा माणूस नोकरी बदलतो तेव्हा त्यानं विषय सोडला असं आम्ही लोक म्हणतो. विषय म्हणजे जणू कॉलेजनं दिलेलं टेबल, जाताना परत करायचं. माझं टेबल कायमचं आहे. त्यावर बसून मी इतरांचे प्रबंध तपासतो. दिल्लीत भाषेवर चांगलं काम कुठे चाललंय, असं आता कुणी विचारलं, तर मी त्याला विद्यापीठाचा रस्ता सांगणार नाही. रविवारी सकाळी द्वारकेहून छावणीकडे जाणाऱ्या बसमध्ये बस म्हणेन, आणि एका बाई लेकीला घेऊन उतरतील तिथे उतर.