चार पदरी गाळलेलं पाणी

आमच्या घरी पाहुण्याला पाणी द्यायचं ते चार पदरी गाळून. घरच्यांसाठी हंड्याच्या तोंडाला एक पदर बांधलेला असतोच. पण बाहेरचं माणूस आलं की सकाळी भरून ठेवलेल्या हंड्यातलं वरवरचं निवळलेलं पाणी काढायचं, जुन्या सुती पातळाचं फडकं चार पदरी दुमडायचं आणि त्यातून तांब्यात ओतायचं. हे मला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शिकवलं. म्हणून प्रदूषणाच्या साहेबांनी पहिल्यांदा बाटली पुढं केली तेव्हा वेगळं काही करायचं माझ्या मनातही आलं नाही.

आमची विहीर घराच्या मागं उतारावर आहे. तिच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, लोखंडी सामानावर जस्ताचा मुलामा चढवणारा कारखाना आहे. कारखान्याला सरकारचं संमतीपत्र लागतं. त्यात सांडपाण्याच्या अटी असतात आणि त्या पाळतात का ते बघायला साहेब यायचे. जाताना ते आजूबाजूच्या चार विहिरींचं पाणी तपासायला न्यायचे. साहेब उतारवयाचे, गुडघ्यांनी बेजार. आमच्या विहिरीला पायऱ्या आहेत, पण तिसरी हलते. साहेब उतरायला निघाले तशा आत्याबाई ओरडल्या.

"ओ साहेब, तिसरी पायरी हालतीया. आत पडला तर तुमचंच प्रदूषण हुईल आमच्या हिरीत. बसा वट्यावर, सून दील भरून."

साहेब हसले आणि बसले. पांढरी प्लास्टिकची बाटली त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. मी परक्या माणसासमोर येत नसे. कुणी अडवलं होतं असं नाही, माझीच जीभ टाळ्याला चिकटायची. दाराआडून हात काढून मी बाटली घेतली, हंड्यातलं पाणी चार पदरी गाळून भरली आणि तशीच उंबऱ्यावर परत ठेवली.

पाणी तपासायला चाललंय हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर गाळलं. मुलगी बघायला पाहुणे आले की तिला तोंड धुवून, वेणी घालूनच बाहेर पाठवतात. शेणाच्या हातांनी कोण पाठवतं?

बाटलीला चिठ्ठी लावायची होती. साहेबांनी खिसे चाचपले. म्हणाले, "चष्मा घरीच राहिला वाटतं. सूनबाई, लिहिता येतं का?"

मी आतून मान हलवली. ती त्यांना दिसणार कशी?

"येतंय की," आत्याबाई म्हणाल्या. "चौथी शिकलीया. बोलायची मातर न्हाई, लिहून घ्या."

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढा ओलांडून जावं लागे, म्हणून माझं तिथंच थांबलं. लग्नानंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी चिठ्ठीवर विहीर, गाव, तारीख असं तीन ओळींत लिहिलं. साहेबांनी चिठ्ठी लांब धरून बघितली आणि म्हणाले, "अक्षर टपोरं आहे हो तुमचं."

त्यानंतर दर तीन महिन्यांनी साहेब यायचे आणि दर वेळी त्यांचा चष्मा घरी राहिलेला असायचा. चिठ्ठी मीच लिहायची. ते यायच्या आदल्या दिवशी मी मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर अक्षर गिरवून ठेवू लागले. मग गिरवता गिरवता दुसरंही लिहू लागले, दिवसभरात काय झालं ते. ही सवय तिथून लागली. नवरा हिंजवडीला कंपनीची गाडी चालवतो. तो घरी येऊन झोपला की मला तासभर मिळतो.

आमच्या पाण्याचा निकाल दर वेळी चांगला यायचा. आत्याबाईंनी ते सगळ्या वाडीत मिरवलं. "सरकारनं तपासलंय," म्हणायच्या, "हिरीला नाव ठिवाय जागा न्हाई."

नाव ठेवत होती ती एकटी माझी चुलत जाऊ. तिचं घर आमच्याही खाली. तिची विहीर साहेबांच्या यादीत नव्हती, त्या बाजूचं सगळं आमच्या विहिरीवरूनच ठरायचं. एकदा ती ग्रामसभेत उठून उभी राहिली. हंड्याला आतून तांबूस थर धरतोय, पोरीच्या अंगाला खाज सुटते, असं तिनं सांगितलं. तिला आमच्या पाण्याचा कागद दाखवून खाली बसवलं. घरी जाताना ती माझ्याकडं टेकली.

"तुमचं चांगलं म्हंजी आमचं बी चांगलंच आसंल, जाऊबाई. माझ्याच हंड्याला खोड हाय म्हणायची."

मी तिला चहा दिला. मागं दोरीवर माझं फडकं वाळत होतं. तेही मधोमध तांबूस झालेलं, रिठ्यानं चोळूनही न निघणारं. फडक्याचं कामच मळायचं, असं मी धरून चालले होते.

मागच्या वर्षी, भातं निसवत होती तेव्हा, कळलं की कचेऱ्यांच्या हद्दी नव्यानं आखल्यात आणि आमच्या बाजूचे कारखाने आता दुसऱ्या कचेरीकडं जाणार. साहेब पुन्हा येणार नव्हते. जाण्याआधी त्यांनी नव्या मॅडमना एकेक ठिकाण दाखवायचं, फाईल त्यांच्या ताब्यात द्यायची आणि दोघांनी सह्या करायच्या, असं ठरलेलं होतं.

त्या दिवशी जीप आली. साहेब, नव्या मॅडम आणि कारखान्याचा एक माणूस. मॅडम माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. पायात बूट, हातात जाडजूड फाईल. साहेबांनी नेहमीसारखी बाटली उंबऱ्यावर ठेवली. "शेवटची," म्हणाले. मी बाटली आत घेतली, फडकं दुमडलं. बाहेरचं बोलणं दाराआडून ऐकू येत होतं.

कारखान्याचा माणूस मॅडमना गोडीत विचारत होता, "आमच्या टाकीचं पाणी जरा थांबून, निवळल्यावर घेतलं तर नाही का चालणार?"

"निवळून, गाळून दिलं की तो नमुना राहत नाही," मॅडम म्हणाल्या. "जसं आहे तसं पाहिजे. गाळासकट. गाळ फडक्यात राहिला तर आम्ही तपासायचं काय?"

"हेच मी यांना पाच वर्षं सांगतोय," साहेब हसत म्हणाले.

माझ्या एका हातात बाटली होती आणि दुसऱ्या हातात फडकं.

मॅडमनी फाईल उघडली. "या विहिरीचे सगळे निकाल चांगले आहेत, सर. एकदाही काही आलेलं नाही. आमच्याकडं माणसं कमी आहेत. हे ठिकाण यादीतून काढलं तर चालेल?"

"काढा की," कारखान्याचा माणूस लगेच म्हणाला.

साहेब म्हणाले, "इथलं पाणी कधी बिघडलं नाही, हे खरं."

मी तिथंच चुलीजवळ बसले. विहीर यादीतून गेली की या उताराला पुन्हा कुणी येणार नव्हतं, आणि जावेच्या पोरीचं अंग तसंच खाजत राहणार होतं. पण मी तोंड उघडलं तर साहेबांनी पाच वर्षं लिहिलेलं सगळं खोटं ठरणार होतं, तेही नव्या माणसासमोर, जाताजाता. माझ्या अक्षराला चांगलं म्हणणारा तो एकच माणूस होता. गप्प बसणं मला येत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं.

बाहेर पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

मी उठले आणि उंबरा ओलांडून ओट्यावर आले. बाटली रिकामीच होती. ती खाली ठेवली आणि शेजारी फडकं ठेवलं.

"साहेब," मी म्हणाले, "मी दर येळी गाळून दिलं."

"हंड्यातलं," मी म्हणाले. "निवळलेलं. चार पदरी. पावन्याला देतो तसं." डोक्यावरचा पदर मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

साहेबांनी फडकं उचललं आणि एकेक घडी उलगडली. वरच्या पदरावरचा डाग गर्द होता, खालच्या प्रत्येक पदरावर फिका होत गेलेला. कारखान्याचा माणूस म्हणाला, "बाईमाणूस आहे, काहीतरी बोलतीय. लिहायचं काय त्यात?"

"तुम्ही गप बसा," साहेब त्याला म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. मग ते मॅडमकडं वळले. "बाटली मी स्वतः विहिरीत उतरून भरायची असते. मी ओट्यावर बसून चहा पीत राहिलो. यात सूनबाईंची चूक नाही. हे असंच फाईलीत लिहा."

"सर, तुमची निवृत्ती तीन महिन्यांवर आलीय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"मग मीच लिहितो. आणा इकडं."

त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि लिहायला लागले. पाच वर्षांत तो चष्मा मी पहिल्यांदा बघितला. चांगला जाड काड्यांचा होता.

त्यांचं लिहून झाल्यावर मॅडम बूट काढून विहिरीत उतरल्या. तिसरी पायरी हलली तशी आत्याबाईंनी वरून त्यांचा हात धरला. "जपून गं बाय. नवी नोकरी हाय, हिरीत नगं घालवूस." मॅडमनी बाटली बुडवून भरली, गाळासकट. चिठ्ठी त्यांच्याकडं छापलेलीच होती.

जीपकडं जाताना साहेब थांबले. "सूनबाई, प्यायला पाणी द्या. मला मात्र गाळून."

मी नळाच्या पाण्याची कळशी उचलायला धावले. आमच्याकडं नळ एक दिवसाआड येतो. त्यांनी हातानं थांबवलं. "विहिरीचंच द्या. पाच वर्षं पितोय, आजच कुठं परकं झालं?" तांब्या त्यांनी संपवला, उंबऱ्यावर ठेवला आणि गेले.

जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आत्याबाईंनी मला धारेवर धरलं. वाटलं, त्यांनी मिरवलेलं सगळं मातीत गेलं म्हणून चिडल्या असतील. पण त्या म्हणाल्या, "साहेबाला चार पदरी, अन् सासूला येक पदरी? लोखंड पाजलंस गं मला इतकी वर्षं! तरीच मी अजून मरंना."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं. त्यांनी माझी पाठ थोपटली.

निकाल वाईट आला. लोखंड आणि जस्त दोन्ही जास्त. विहीर यादीत राहिली, जावेची विहीरही नव्यानं यादीत आली. कारखान्याच्या जमिनीखालच्या टाकीला तडा सापडला, तो बुजवायचं काम चालू आहे. साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला, असं मॅडमनी सांगितलं. निवृत्ती मात्र वेळेवर झाली. नवऱ्यानं विहिरीची तिसरी पायरी सिमेंटनं पक्की करून घेतली. मॅडम आता दर वेळी स्वतः उतरतात.

विहिरीवर सूचना लिहायची होती. कारखाना रंगारी पाठवतो म्हणाला. मी मॅडमना म्हटलं, "मी लिहिते." आवाज बारीकच होता, पण त्यांनी ऐकला. लाल रंगाचा डबा आणून दिला आणि म्हणाल्या, "तीन वेळा नमुना चांगला आला की पुसून टाकायचं." ते पुसायला लागणारा चुना मी आधीच आणून ठेवलाय. अजून एकदाही निकाल चांगला आलेला नाही, पण मागच्या वेळी लोखंड कमी झालं होतं.

विहिरीच्या कठड्यावर मी लिहिलं, हे पाणी पिऊ नये. अर्धा दिवस लागला. आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी जावेच्या पोरीला हाक मारली. ती पहिलीत आहे. तांब्या घेऊन आली होती, तो कठड्यावर ठेवून तिनं बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. ओला रंग तिच्या बोटाला लागला.

वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. "काकू, मग गाळून प्यायचं?"

"न्हाई गं बाय," मी म्हणाले. "गाळून बी न्हाई." आणि तिचा तांब्या नळावर भरून द्यायला घेऊन गेले.